पडली नाय, ठेवली

वसंतकाका गेले. मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून महाडच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. "साठ सालच्या संपाचा झुंजार नेता हरपला." कुणीतरी शाल-श्रीफळाचा फोटोही टाकलाय. काका हसतायत, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी.

त्या टोपीवरूनच लिहायला बसले.

माझे वडील पोस्टमन. गाव कापडे, नोकरी महाडला. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. वसंतकाका त्याच पोस्टात क्लार्क. आमची बिऱ्हाडं एकाच पडवीला. काकांचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे रात्रीचं जेवण आमच्याकडेच. आईच्या हातची कुळथाची पिठी त्यांनी किती ओरपली असेल, देव जाणे.

बोलायला मात्र काका एक नंबर.

संपाच्या आधी वाचनालयात सभा झाली. सरकारी नोकरांनी एकजुटीने सरकारकडे मागणं मागावं की नाही, यावर. एक वकीलसाहेब उठून म्हणाले, "सरकारशी घासाघीस करायला तुम्ही काय बाजारात बसलात?"

काका ताडकन उभे. "साहेब, तुम्ही अशिलाशी फी ठरवता ना? मग आम्ही चौघं मिळून पगाराचं बोललो तर तो देशद्रोह कसा?"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं.

अण्णा सभेत बोलले नाहीत. त्यांना बोलणी खायला लागायची ती गावात. कापड्याची एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "तुमचा संप हाय रे बाबा, पन माज्या पोराची मनीऑर्डर अडली तर माज्या पोटानं पन संप करायचा काय?"

घरी येऊन अण्णा आईला म्हणाले, "म्हातारी खोटं नाय बोलली. पन वसंता पन खोटं नाय बोलला." शेवटी त्यांनी वसंताचं ऐकलं. वय वाढलेलं, नोकरी अजून टेम्पररी, घरात खाणारी पाच तोंडं. तरी ऐकलं.

मग सरकारने संपच बेकायदा ठरवला.

संपाच्या सकाळी अण्णा खाकी घालून, टोपी चढवून निघाले. संपावरच्या माणसाने गणवेश घालायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोस्टाची वेळ झाली की खाकी, एवढंच त्यांना ठाऊक.

आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती मला घेऊन मागोमाग गेली. आम्ही पोस्टासमोरच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो.

आणि वसंतकाका आले. खाली मान घालून, थेट पोस्टाच्या दाराकडे.

अण्णा पुढे झाले. हात धरला नाही, आवाज चढवला नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि उंबऱ्यावर, काकांच्या पायाशी ठेवली.

"वसंता, आत नको जाव."

आमच्याकडे वडील माणसाने पायाशी टोपी ठेवली की संपलं. भाऊबंदकीची भांडणं तिथे थांबतात, मोडायला निघालेली लग्नं तिथे जुळतात. ती कुणी ओलांडत नाही.

काकांनी ओलांडली.

नीट पाय उचलून, धोतर सावरून. बूट लागू दिला नाही, एवढी मात्र काळजी घेतली!

आईने टोपी उचलली, पदराने पुसली. "चला घरी," एवढंच म्हणाली.

संप मिटला. साहेब चौकशीला आले. काकांनी जबानी दिली की अण्णांनी सरकारी टोपी जमिनीवर फेकून त्यांची वाट अडवली. गणवेशाचा अपमान आणि कामात अडथळा, दोन्ही अण्णांच्या गळ्यात.

त्या संध्याकाळी काका आमच्या पडवीत आले. जेवायच्या वेळेला. सवय!

"अण्णा, टोपी चुकून पडली असं लिहून द्या. मी साहेबांना सांगतो, माझ्या बघण्यात चूक झाली. नोकरी वाचेल. पोरांकडे बघा."

अण्णांनी आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे, नीट.

"पडली नाय, वसंता. मी ठेवली."

"अहो, एका शब्दाचा तर प्रश्न आहे!"

"पडली म्हनलो, तर तू वलांडलीस ती नुसती टोपी. मंग तुजा काय गुन्हा?"

काका उठले. त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्याकडून उपाशी गेले.

अण्णांची नोकरी गेली. खाकी परत घेतली, टोपीही. आम्ही कापड्याला परतलो, भातशेतीवर. माझी शाळा सातवीला सुटली. मला राग आहे. अजून आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात, माझा नाही निवला.

अण्णांनी पुन्हा डोक्यावर काही घातलं नाही. त्या काळी माणूस बोडक्या डोक्याने फिरला की समजायचं, घरात मयत झालंय. महाडच्या बाजारात लोक हटकून थांबवायचे.

"अण्णा, कोन गेलं वो?"

"पोस्टातला आमचा वसंता."

विचारणारा नुकताच काकांकडून तिकिटं घेऊन आलेला असायचा. तो हसायचा. अण्णा हसायचे नाहीत.

मरेपर्यंत त्यांनी हेच उत्तर दिलं.

अण्णा गेले तेव्हा काका कापड्याला आले होते. पोस्टमास्तर झालेले. दारात टोपी काढून उभे राहिले. आई म्हणाली, "घाला ती डोक्यावर, भावजी. तुमचं सुतक या घरानं कवाच पाळून टाकलं."

पुढे काका पेन्शनरांच्या सभांतून संपाच्या आठवणी सांगायचे. रंगवून. गोष्ट पोस्टाच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि काका पाणी प्यायला थांबायचे.

आज त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, तुम्ही जुन्या शेजारीण. चार शब्द लिहा."

लिहिले.

श्रद्धांजली माझ्याकडे मागू नका. ती अण्णांनी जन्मभर उघड्या डोक्याने वाहिली आहे.

जा, काका. आज उंबऱ्यावर कुणी काही ठेवलेलं नाही.