पुठ्ठ्यात गेलेलं मुखपृष्ठ

देवासचे गणोजी बाइंडर जुन्या मराठी मासिकांची सचित्र मुखपृष्ठं जमवतात. वय बासष्ट, मुखपृष्ठं चारशे अकरा. यादी मी करून दिली म्हणून आकडा मला ठाऊक. त्यांना विचाराल तर "असतील काही" म्हणतील. त्यांना हवं आहे एकच. त्यांची आई राजाबाई पंधराव्या वर्षी धारला एका चित्रकारासमोर बसली होती आणि ते चित्र कुठल्याशा मासिकावर छापून आलं होतं. मासिकाचं नाव राजाबाईंना आठवत नाही. कधी म्हणतात हातात घागर होती, कधी म्हणतात परडी. आता त्या शहाऐंशीच्या आहेत. नजर फार तर वर्षभर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

अडचण बांधणीच्या रीतीतच आहे. सहा अंक एकत्र शिवताना मुखपृष्ठं काढून टाकतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून थरावर थर चिकटवून त्यांचाच पुठ्ठा करायचा, ही गणोजींच्या वडिलांची पद्धत. तरुणपणी गणोजींनी धारच्या एका मराठी वाचनालयाची जुनी मासिकं अशीच बांधली. गेल्या श्रावणात ते वाचनालय बंद झालं आणि तेरा खंड त्यांच्याकडे परत आले.

"भिया, मीच गाडलं असेल तिला ह्यात," ते मला म्हणाले. "खोलू का?"

"खोला की."

"बांधणी माझी आहे. चाळीस साल झाले, एक टाका हलला नाही."

"मग राहू द्या."

"तुम्ही तर दोन्हीकडून बोलता."

खरं होतं ते.

शेवटी त्यांनी एका खंडाचा पुठ्ठा सोडवून कोमट पाण्याच्या परातीत ठेवला. खळ सुटायला तासभर लागला. तिसऱ्या थराखाली परडी घेतलेली एक मुलगी निघाली. कागद टिपून, वाळवून आम्ही तो आतल्या खोलीत राजाबाईंकडे नेला. त्यांनी तो खिडकीशी धरला, अगदी नाकापाशी.

"ही जमुना," त्या म्हणाल्या. जमुनाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

"आई, बसली तू होतीस ना?"

"मीच बसले. चार दिवस. मान अवघडली. हात माझेच आहेत, ही बघ करंगळी वाकडी. तोंड तिचं घातलं मेल्यानं. ती गोरी होती."

"मग हे चित्र तुझं की मावशीचं?"

"मला काय विचारतोस? बाइंडर तू."

यादीत चारशे बारावा आकडा घालून मी थांबलो. पुढे 'सापडलं' लिहावं की नाही, कळेना. राजाबाईंनी अंगठ्यानं चित्रातला चेहरा झाकला आणि नुसत्या हातांकडे बराच वेळ पाहिलं.

"गणू," त्यांनी विचारलं, "त्यानं दुसरं एखादं काढलं असेल का रे, माझं सबंध?"

गणोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातून बाहेरच्या खंडांकडे पाहिलं. बारा शिल्लक होते.