न हसणाऱ्या अध्यक्षबाई

दौंड तालुक्यात खुटबावच्या पुढे आमचं गाव. तिथं मला तंटामुक्ती समितीची अध्यक्ष केलं ते माझ्या तोंडाकडे बघून. बाई हसत नाही, उठसूट कुणाच्या ओट्यावर बसत नाही, म्हणजे कुणाची बाजू घेणार नाही, असं गावातल्या आप्पांनी ग्रामसभेत सांगितलं आणि लोकांनी हात वर केले. खरं कारण मला ठाऊक होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर हसलं, शिंकलं, खोकलं की माझी लघवी सुटायची. आधी थेंब, पुढे पुढे लुगडं बदलायची पाळी. म्हणून मी हसणंच सोडलं होतं.

अध्यक्षपद मात्र झकास चाललं. बांधाच्या भांडणात दोन्हीकडचे घसा फोडायचे, मी पोट आवळून गप्प बसायचे. ती गप्प बसते म्हणजे मनात काहीतरी कडक ठरवतेय, असं समजून दोघं आपसात मिटवून घ्यायचे. मला फक्त घरी जायची घाई असायची.

नुकसान एकच झालं, पण ते फार लागलं. माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घरं. पापड लाटताना ती गावातल्या एकेका माणसाची नक्कल करायची आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचो. मी तिच्याकडे जायचं टाळायला लागले, मग तीही येईनाशी झाली. गावात कुजबुज सुरू झाली की दोघींचं बिनसलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच ओट्यावर होता. पलीकडे तिच्या कुकरची शिट्टी वाजली की मला तिची भारी आठवण यायची.

शेवटी दवाखाना गाठला. दौंडला ओळखीचं कुणीतरी भेटणारच, म्हणून नदी ओलांडून शिरूरला गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी व्यायाम करायला लावले. काही महिने केले, फरक थोडाच पडला. मग तपासणीला त्यांनी मूत्राशयात पाणी भरलं आणि म्हणाल्या, खोका. इतकी वर्षं जे जिवापाड लपवलं ते त्यांनी टेबलावर निजवून मुद्दाम करून घेतलं, वर ‘छान’ म्हणाल्या.

लघवीच्या नळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवायची, झोळीसारखी. पोटावर जोर आला की ती नळीला आधार देते. ती कायमची आत राहते, एखादीला त्रास देते, कधी पुन्हा काढावीही लागते, हेही त्यांनी सांगितलं. मी विचार करून हो म्हटलं.

गावात सांगितलं, मणक्याचं ऑपरेशन. मग शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन लोक आले आणि प्रत्येकानं आपापल्या मणक्याची कहाणी ऐकवली. एका मामांनी तर कुरकुंभला कंपनीत असलेल्या मुलाकडून स्वतःच्यासारखाच कंबरेचा पट्टा मागवून दिला. तो मला त्यांच्यासमोर बांधावा लागला.

सगळ्यांत शेवटी, बरेच दिवस उलटल्यावर, जाऊ आली. दारातच उभी राहिली. पट्टा कुणी दिला ते ऐकलं आणि तिला राहवलं नाही. मामा पट्टा बांधून बांधावरून कसे चालतात ते तिनं चालून दाखवलं. मी हसले. आधी भीत भीत, मग पोट धरधरून. खाली सगळं कोरडं होतं. आनंदानं मला रडूच आलं.

तीही हसत होती, आणि एकदम थांबली. पाय आवळून भिंतीला टेकली. चेहरा असा कडक झाला की कुणीही तिला अध्यक्ष केलं असतं.

“कवापासनं?” मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, “धाकट्याच्या येळंपासनं. तुमच्याकडं आलं की हसू आवरत न्हाई, आक्का. म्हणून यायचीच बंद झाले.”

मी कंबरेचा पट्टा सोडून ठेवला आणि तिला खरं काय ते सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दोघी शिरूरला निघालो. स्टँडवर आप्पांनी हटकलं. हिचा बी मणका, मी म्हटलं. दोघींना एका बाकावर बसलेलं पाहून आप्पांचा चेहरा खुलला, आणि पुढच्या ग्रामसभेत समितीनं मिटवलेल्या तंट्यांत आमचाही एक धरला गेला.