हमालांसाठी तीन तंबू

१२ मार्च २०१४. तीन माणसे.

तिघेही हमाल होते. तिघेही किलिमांजारोच्या वाटेवर, चार हजार सहाशे मीटरवरच्या मुक्कामात दगावले आणि तिघांच्याही कागदावर मृत्यूचे कारण म्हणून ‘हवामान’ हा एकच शब्द पडला. हवामान त्या दिवशी सर्वांना सारखेच होते. शिखर चढायला आलेले पाहुणे जेवणाच्या तंबूत होते. एकाचा वाढदिवस होता, गाणी लांबली. रिवाज असा की, पाहुण्यांचे जेवण उरकून टेबल-खुर्च्या बाहेर निघाल्या की त्याच तंबूत हमालांनी झोपायचे. तोवर भिजल्या कपड्यांनी खडकाच्या आडोशाला बसून राहायचे. हे तिघे बसले ते उठले नाहीत.

तो तंबू खाली आल्यावर धुतला, सुकवला आणि शिवला तो आइकांडे मुरो हिने. पायथ्याच्या मोशी शहरातल्या त्यांच्याच गिर्यारोहण कंपनीचे कोठार ती अठरा वर्षे सांभाळत होती. कापड पाहून तिला मुक्काम कळत असे: राख असेल तर वरचा, शेवाळ असेल तर जंगलातला. चिखलाने भरलेला तंबू परत आला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई आणि आडदांड हमाल अंगणाबाहेर उभे राहून तो संपण्याची वाट पाहत.

या मृत्यूंनंतर तिने मालकाकडे एकच मागणी लावून धरली. हमालांना झोपायला त्यांचे स्वतःचे तंबू हवेत, म्हणजे कोणाचे जेवण संपण्यावर कोणाची झोप अवलंबून राहणार नाही. मालक बोनिव्हेंचर लेमा दर वेळी मान डोलावी. मान डोलावण्यात दोन वर्षे गेली.

तिसऱ्या वर्षी नवे तंबू घ्यायचे ठरले, तेव्हा विक्रेत्याने नमुने आणून अंगणात उभे केले. पाहुण्यांसाठीचा तंबू निवडायला लेमाने अख्खी सकाळ घालवली. बूट काढून तो आत आडवा झाला, पाय ताणून पाहिले, खिसे मोजले, दाराची चेन पंचवीसदा उघडली आणि मिटली. हमालांची पाळी आली तेव्हा त्याने कोपऱ्यातल्या एका तंबूकडे बोट दाखवले. एकपदरी कापड, तळ नाही, वजन अडीच किलो.

“हा घेऊ. हलका आहे,” तो म्हणाला.

“हलका आहे, कारण त्यात काही नाहीच,” आइकांडे म्हणाली. “तळ कुठंय? वरचं आच्छादन कुठंय? शेजारचा घ्या. दुपदरी आहे, चौघांचा आहे, सहा किलोचा.”

“सहा किलो! अगं, उद्यानाच्या फाटकावर वीस किलोच्या वर एका हमालाला नेऊ देत नाहीत. बारा हमालांना तीन तंबू, म्हणजे अठरा किलो. ते उचलायला तेरावा हमाल. मग तेरावा झोपणार कुठं? त्याला चौथा तंबू. तो उचलायला चौदावा. हे पर्वताच्या टोकापर्यंत संपायचं नाही.”

“तेरावा एका तंबूत पाचवा म्हणून कडेला मावतो. तुम्ही एकटे दोघांचा तंबू भरून टाकलात, तसं ते करत नाहीत.”

विक्रेता खोकला. लेमाने त्याच्याकडे पाहिले आणि मग, साक्षीदार हवा म्हणून, ओफोरोला हाक मारली. ओफोरो कंपनीतला सर्वांत जुना हमाल. वय अठ्ठावन्न, पंचवीस वर्षे वर-खाली केलेली. सगळे त्याला मझे, म्हणजे वडीलधारे, म्हणत, मालकसुद्धा.

“मझे, तुम्हीच सांगा. जेवणाच्या तंबूत झोपायला काही त्रास होतो का?”

आइकांडे ओफोरोकडे वळली. गेल्याच आठवड्यात या माणसाने तिच्यासमोर खोकून खोकून पाठ धरली होती.

“सवय आहे,” ओफोरो म्हणाला. “सगळे एकत्र असतो. ऊब राहते.”

“ऊब!” आइकांडे उसळली. “उघड्या जमिनीवर?”

“आम्ही कणखर माणसं, ताई. चेनच्या तंबूत झोपलो म्हणून गावात कळलं, तर म्बेगे दारूच्या गुत्त्यावर मला कोणी बसू देणार नाही.”

तिला सर्वांत अधिक चीड आली ती याची. मालकाचा कंजूषपणा तिला समजत होता. त्याला निदान एक हिशेब होता. ओफोरोच्या उत्तरातली भीती आणि अभिमान मात्र एकमेकांत असे शिवलेले होते की टाका कुठून उसवावा हेच समजेना. फाटकाशी रोज सकाळी दोनशे माणसे रांगेत उभी असतात आणि निवड होते ती तक्रार न करणाऱ्यांची, हे तिलाही ठाऊक होते. जो अन्याय सोसतो त्यालाच तो सोसण्याचा मान मिळाला, की अन्याय करणाऱ्याचे काम फार सोपे होते.

“ठीक आहे,” ती लेमाला म्हणाली. “हलका तंबू चांगला आहे ना? पाहुण्यांचा जसा पाहिलात तसा याच्यातही आडवे होऊन पाहा.”

सर्वांसमोर नाही म्हणता येईना. लेमा आत गेला. आइकांडेने तंबू धुण्याची बादली उचलली आणि सावकाश, शिवणीवर धार धरून, रिकामी केली. मग दुसरी.

आतून आलेले शब्द येथे लिहिण्याजोगे नाहीत. लेमा बाहेर आला तो पाठीपर्यंत चिंब.

“वेडी झालीस का तू?”

“दोनच बादल्या होत्या, साहेब. आणि इथं ऊन आहे.”

ओफोरो हसला नाही; त्याने तोंड फिरवले, पण त्याचे खांदे हलत होते. लेमाने तिला कामावरून काढण्याची धमकी दिली, सदरा बदलून आला आणि चिडूनच दुपदरी तीन तंबूंवर सही केली. तिच्याशी तो आठवडाभर बोलला नाही. तिला ते परवडण्यासारखे होते.

पहिली तुकडी सहा दिवसांनी उतरली. आइकांडेने इतर सामान बाजूला सारून आधी तीन पिशव्या उघडल्या. तंबू कोरडे होते. कारखान्यातली घडी तशीच होती. खुंट्यांची कागदी पट्टीसुद्धा सुटलेली नव्हती.

“मझे!” तिची हाक रस्त्यापर्यंत गेली. “हे वर नेऊन परत आणलेत? लग्नातली भांडी आहेत का ही? झोपलात कुठं?”

“जेवणाच्या तंबूत.”

“आणि पाहुणे उठेपर्यंत?”

“बाहेर.”

“का?”

ओफोरोने टोपी काढली. “नवे होते, ताई. आमच्या बुटांना हा एवढाला चिखल. आत गेला असता. मग इथं आल्यावर तूच बोलली असतीस.”

दोन वर्षे आइकांडे मालकाशी भांडली होती, आणि या पाच रात्री हमालांना बाहेर बसवण्यात तिच्या जिभेचाही वाटा होता. हे कबूल करण्याचा राग तिला सर्व रागांहून जड गेला.

तिने एक तंबू अंगणात उभा केला. ओफोरोचे बूट मागून घेतले, आपल्या पायांत चढवले आणि कोऱ्या तळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली. चिखलाचे ठसे स्पष्ट उठले.

“झाला खराब,” ती म्हणाली. “आता जपण्यासारखं काही राहिलं नाही. पुढच्या वेळी कोरडा परत आणलात, तर फाटकाशी मी स्वतः येऊन तुमचं नाव खोडीन.”

“तू धुशील ना पण?”

“धुईन. आणि बोलेनही. ते ऐकायचं आणि झोपायचं.”

पुढल्या खेपेला तिन्ही तंबू चिखलाने माखून आले. एकाच्या तळाला मेणबत्तीने भोक पडले होते. ती तासभर बोलली. हमाल अंगणाच्या आत बसून मक्याच्या पिठाची उगाली खात ऐकत राहिले.

मार्च २०१४ मध्ये गेलेल्या तिघांना सहा दिवसांच्या कामासाठी नेले होते. कंपनीने त्यांच्या घरी, मृत्यूच्या दिवसापर्यंतची, चार दिवसांची मजुरी पोचवली. उरलेल्या दोन दिवसांची मजुरी अद्याप दिलेली नाही.