मास्तरांच्या खोलीतला खड्डा

ईदच्या सुट्टीत रियाधहून आम्ही तीन मराठी कुटुंबं गाड्या काढून निघालो, ती निव्वळ माझ्या बाबांच्या हट्टापायी. बाबा व्हिजिट व्हिसावर आले होते. खेड्यातल्या एका नॅरोगेज स्टेशनाचे ते शेवटचे स्टेशनमास्तर. लाइन बंद झाली तेव्हा तिथे तेच होते. इकडे वाळवंटात जुनं स्टेशन पडून आहे हे कळल्यावर त्यांना मॉल नको, बाजार नको. मास्तरांची खोली तेवढी बघायची होती.

हाजींना दमास्कसहून मदिनेला आणायला तुर्कांनी ही लाइन टाकली. पहिल्या महायुद्धात रूळ उडवले गेले आणि पुढे गाडी थांबली ती कायमची. पळताना तुर्कांनी सोनं पुरलं अशी आवई आहे, म्हणून लोकांनी खोल्याखोल्यांत खड्डे पाडून ठेवलेत.

बाबांनी लांबूनच बोट दाखवलं, ती मधली खोली मास्तरांची. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी पुढे झाले. आत बघते तर माझा नवरा आणि त्याचे दोन मित्र तंबूच्या खुंट्यांनी उरलीसुरली फरशी उचकटतायत. घरी खिळा ठोकायचा तर सुतार बोलावणारी ही माणसं.

"अगं, एवढे खड्डे आहेतच. अजून एक पडला तर काय बिघडलं?" नवरा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? सत्तरीचा माणूस या एका खोलीसाठी इथवर आलाय. तुमच्या बापाची आहे का ही?" सगळ्यांदेखत बोलले.

तोवर बाबा आले आणि उंबऱ्यावर टेकले.

"जावईबापूंवर रागावू नकोस," ते म्हणाले. "स्टेशन सोडताना चार्ज द्यायचा असतो. किल्ल्या, तिकिटं, घड्याळ, सगळं दाखवून सही घ्यायची. माझ्याकडून चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. वर्षभर पत्रं टाकली. तोवर गावाने दारं नेली, खिडक्या नेल्या. शेवटी तिकीटखिडकीपुढच्या फरशा बैलगाडीत घालून मीही घेऊन आलो."

"कुठे आहेत त्या?"

"आपल्या अंगणात."

त्याच अंगणात माझं लग्न लागलं होतं. आयुष्यात एकही माणूस विनातिकीट न सोडणाऱ्या माझ्या बाबांना चोरी करावी लागली, कारण एका सहीसाठी कोणा साहेबाला उठून यावंसं वाटलं नाही. त्या साहेबाला मी अजून माफ केलेलं नाही.