दोनदा घेतलेला अंगठा

ते प्रकरण आजही आठवते, आणि आठवले की आजही माझा गोंधळ उडतो. तीसेक वर्षे वर्दीत काढली. गुन्हा उलगडला की डोके शांत व्हायचे. या प्रकरणात गुन्हा उलगडला, मुख्य आरोपी सापडला, दोषारोपपत्रही कोर्टात गेले. डोके मात्र शांत झाले नाही.

इंदूरमध्ये ठाण्याच्या प्रभारीला सगळे टीआय म्हणतात. मी तेव्हा निवृत्तीला टेकलेला टीआय होतो. सकाळची हजेरी चालू असताना सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातला वेल्डर घाबराघुबरा होऊन ठाण्यात आला. परराज्यातले पोलीस त्याच्या घरी येऊन गेले होते. त्याच्या नावावरच्या सिमवरून कुणीतरी एका म्हाताऱ्या माणसाला बँकेतून बोलतोय असे सांगून लुबाडले होते. वेल्डरकडे फोन एक, सिम एक, आणि त्याचा नंबर वेगळाच; लुबाडणाऱ्या सिमचा त्याला पत्ताही नव्हता. मला आधी काहीच उमजेना. आठवडाभरात अशीच आणखी चार माणसे आली, सगळी त्याच भागात राबणारी.

खबर दिली ती कारखान्याच्या गेटसमोरच्या चहावाल्याने. माझा जुना खबऱ्या. "साहब, इधर छतरी लगती थी ना सिमवाली," तो म्हणाला, "लड़की एक आदमी का अंगूठा दो-दो बार लगवाती थी. अब पंद्रह दिन से दिखी नहीं." छत्रीखाली सिम विकणारी ती मुलगी गायब आहे म्हटल्यावर मी मनातल्या मनात तिला बेड्याही घातल्या. आम्हा पोलिसांना ही घाई फार.

मुलगी गायब वगैरे काही नव्हती. विद्यापीठात एम.एस्सी. करत होती, रोज वर्गात बसत होती. महूचे बौद्ध मराठी कुटुंब, आजोबा फौजेत होते, वडील नाहीत, आई शिवणकाम करते. महिला हवालदारासोबत ती ठाण्यात आली ती पाठीवरच्या दप्तरासकट. आई मागोमाग आली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

"हे काम का धरलंस?" मी विचारले.

"सर, टायमिंग आपल्या हातात होतं. लेक्चर नसेल तेव्हा छत्री लावायची, परीक्षा आली तर बंद. कॉलेजच्या खूप मुली करतात. पलासियाच्या कोचिंगमध्ये शिकवायला गेलं तर ते रोज चार तास मागतात, मग मी शिकणार कब?"

"आणि अंगठा दोनदा का?"

"सुपरवायझर भियांनी तसंच शिकवलं होतं. पहिला अंगठा चेकिंगचा, दुसरा पक्का. चेकिंगचं कार्ड शाम को त्यांना पाकिटात परत द्यायचं."

मला हे थोतांड वाटले. मी वेल्डरला बोलावले आणि अंगठा घ्यायची तिचीच मशीन, जी अजून तिच्या दप्तरात होती, त्याच्यापुढे ठेवली. तीन वेळा अंगठा लावला, तिन्ही वेळा लाल दिवा. आयुष्यभर लोखंड हाताळून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. मुलीने दप्तरातून ओला रुमाल काढला, त्याचा अंगठा पुसला, जरा दाबून धरला, आणि हिरवा दिवा लागला. "काका, जोर नका लावू, बस ठेवा," हे ती त्याला अगदी रोजच्या सवयीने म्हणाली. अंगठा खरोखरच दोनदा लावावा लागतो, हे माझ्या टेबलावरच सिद्ध झाले. मग फसवणूक कुठली आणि झिजलेला अंगठा कुठला? दोन दिवस मी नुसता चिडचिड करत फिरलो.

तिसऱ्या दिवशी सिमच्या कंपनीकडून यादी आली. मुलीच्या आयडीवरून ज्यांच्या नावे एकाच दिवशी दोन-दोन सिम चालू झाली, ती सगळी माणसे. पान उलटताना एका नावावर माझे बोट थांबले. ते तिच्या आईचे नाव होते. आईच्या नावाचे दुसरे सिमही त्याच फसवणुकीत वापरलेले होते.

मला केवढे हायसे वाटले! जाणूनबुजून करणारी मुलगी स्वतःच्या आईला कशाला गोवेल? त्याच दुपारी सुपरवायझरला मानपूरजवळ हायवेवरच्या एका ढाब्यातून उचलला. त्याच्या गाडीत चेकिंगच्या कार्डांची पाकिटे होती. पहिल्या अंगठ्यावर गिऱ्हाइकाच्याच नावे चालू झालेली ती कार्डे ट्रकमधून पुढे ठगांकडे जायची. तासाभरात तो घडाघडा बोलला. मुलींना काही ठाऊक नव्हते, असेही म्हणाला, पण असला माणूस शपथेवर बोलला तरी मी अर्धेच धरतो.

मुलीला साक्षीदार करायचे ठरले. आरोपी झाली असती तर शिक्षण, नोकरी, सगळ्यावर पाणी पडले असते. जबाब टाइप झाला, हवालदार बाईंनी वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, "सर, एक गोष्ट राहिली."

"काय?"

"एका मजुरानं मला विचारलं होतं, बेटी, वो पहला कार्ड किसकी जेब में जाता है? तेव्हापासून मला डाउट होता. त्या दिवशी टारगेटला एक कमी पडत होतं. परक्याचा अंगठा घ्यायला मन नाही झालं, म्हणून मशीन घरी नेली आणि आईचा घेतला, दोनदा. दुसऱ्या दिवशी काम सोडलं."

हवालदार बाई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "सर, अपन ने सुना ही नहीं."

ज्या नावाने मी तिला निर्दोष ठरवले होते, तेच नाव आता उलटे बोलत होते. तिला संशय होता. पण संशय आला म्हणून तिने जोखीम परक्याच्या दारातून उचलून आपल्या घरात आणली. याला गुन्हा म्हणू की भलेपणा, मला ठरवता येईना. मी तिला विचारले, "हे लिहिलं तर काय होऊ शकतं, कळतंय ना?"

"कळतंय सर. पण नाही लिहिलं तर मी रोज हेच सोचत बसेन."

मी लिहिले. तिच्याच शब्दांत, एक अक्षरही न बदलता. वर कळवताना तिला साक्षीदारच ठेवावे असे मत दिले, आणि ते मान्य झाले. पुढे आरोपीच्या वकिलाने त्या चार ओळींवरून तिला कोर्टात तासभर सोलून काढले. ती ढळली नाही.

पण मला छळते ते वेगळेच आहे. जबाब संपवून बाहेर आलो तेव्हा आई बाकावरून उठली. "जयभीम साहेब. सुटली का माझी पोरगी?"

मी म्हटले, "बाई, तुमचा अंगठा तिनं तुम्हाला न सांगता..."

"सांगूनच घेतला," ती मध्येच म्हणाली. "म्हणाली, आई, गडबड वाटते, आज राहू दे. मीच म्हटलं, दिवसभर उन्हात उभी राहिलीस, तो दिवस फुकट घालवू नको. माझाच घे. माझ्या नावानं कोण काय करणार आहे?"

मी आत वळून पाहिले. मुलगी दप्तर भरत होती. तिने स्वतःवरचे सगळे लिहायला लावले होते, आणि आईच्या आग्रहाचा शब्दही जबाबात येऊ दिला नव्हता.

"माहीत होते की नव्हते?" हा प्रश्न मी नोकरीभर विचारत आलो. माणसांना बहुतेक गोष्टी अर्ध्याच माहीत असतात, आणि उरलेले अर्धे ती पोटासाठी किंवा मायेपोटी विचारत नाहीत, एवढे या प्रकरणाने शिकवले. कायद्यात मात्र त्या अर्ध्यासाठी रकाना नाही. मी त्या माऊलीला म्हटले, "घरी जा बाई, पोरीला जेवायला घाला." तिचा जबाब मी घेतलाच नाही.