पडद्यामागून दिलेली साक्ष

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही, दुआ मागतानाही कधी नीट शब्दांत नाही. तुम्हाला का सांगतेय? गेल्या महिन्यात पुन्हा कोणीतरी मला शाल घातली, "तलाकविरुद्ध बोलणारी इथली पहिली बाई" म्हटलं — आणि माझं डोकं सणकलं. शाल घालणाऱ्यावर नव्हे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडी आधीची गोष्ट. हिंगोली तेव्हा तालुक्याचं गाव होतं. घरात आई, थोरला भाऊ, त्याची बायको जुबेदा आणि मी. जुबेदा कळमनुरीच्या बांगड्या विकणाऱ्या मणियाराची मुलगी. मला मॅट्रिकचा अभ्यास करता यावा म्हणून माझ्या वाटणीच्या भाकऱ्याही तीच थापायची. हे आधीच सांगून टाकते, नंतर जीभ रेटेल की नाही कोण जाणे.

एकदा ती माहेरी ठरल्यापेक्षा जास्त राहिली. आली तेव्हा भाऊ अंगणातच तिच्यावर ओरडला आणि रागाच्या भरात तलाक म्हणाला. एकदा. मग आपल्याच तोंडाला घाबरल्यासारखा गप्प झाला, अनवाणीच बाहेर गेला. अंगणात आई होती, परभणीहून आलेले मामू होते आणि मी होते. संध्याकाळी भाऊ परतला तो रडतच.

एकदाच म्हटलं असेल, तर इद्दतीचे तीनेक महिने संपायच्या आत नवरा बायकोला परत घेऊ शकतो. तीनदा म्हटलं असं आमच्याकडे धरलं, की दार बंद. म्हणजे सगळं त्या आकड्यावर आलं. आई आणि मामू म्हणायला लागले, तीनदा म्हटलं. मामूंना आपली मुलगी भावाला द्यायची होती. आईला जुबेदा पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होती.

जमातीची पंचायत बसली. भाऊ म्हणाला, एकदा. बायकोच्या नादी लागलाय, खोटं बोलतो, पंच म्हणाले. जुबेदा म्हणाली, एकदा. तिचं तर ऐकल्यासारखंही कोणी केलं नाही. साक्ष आणा म्हणाले — दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका. म्हणजे मामू, आई आणि मी. माझ्यावाचून ती साक्ष पुरी होत नव्हती. कळतंय ना तुम्हाला?

आदल्या दिवशी चुलीपुढे आई सहज बोलल्यासारखं बोलली होती, की मामू तुला परभणीला घरी ठेवून घेतील, मास्तरीण होऊ देतील. पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरज होती? मी काय दूधखुळी होते? मला कोणी मारलं नाही, कोंडलं नाही. मला शिकायचं होतं — बस्स.

आम्ही बायका पडद्यामागे बसलो होतो. जुबेदाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. काजीसाहेबांनी माझं नाव घेतलं, तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. धीर द्यायला. मला.

मी म्हणाले, "तीन बार बोले. मैं सुनी."

पाठीवरचा हात निघाला.

पुढे मी शिकले, नोकरी लागली, हिंगोलीला परतले. भावाचा निकाह मामूंच्या मुलीशी झाला होता. आणीबाणी उठल्यावर आमच्यातल्या काही शिकलेल्या लोकांनी मंडळ काढलं — तोंडी तलाक बंद करा, बायकांना पोटगी द्या. मागणी खरी होती. आजही खरी आहे. म्हणून तर जास्त चीड येते, की त्या खऱ्या मागणीला मी काय जोडलं? मी स्टेजवर उभी राहायचे आणि म्हणायचे, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भावजयीचा संसार एका दमात तीन शब्दांनी मोडला. त्या जमातीला मी काय काय बोलायचे! टाळ्या पडायच्या. एकदा वारंगा फाट्यावर दगडही आला. कपाळाला खोक पडली आणि मी आणखी मोठी झाले. तो दगड कशासाठी लागायला हवा होता, हे मारणाऱ्याला कुठे ठाऊक?

मग हिंगोलीत सभा झाली, शाळेच्या पटांगणात, दुपारी. मी तीच गोष्ट सांगितली. रडलेसुद्धा. खरं सांगू? ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त तिटकारा आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, कोणा बहिणीला बोलायचंय का. बायकांतून एक उठली. बुरख्याचा पडदा वर केलेला. जुबेदा. जवळा बाजारला आठवडी बाजारात बांगड्या विकते, एवढंच मी ऐकून होते.

"मला बी बोलायचंय," ती म्हणाली. "त्या दिशी मी तिथंच व्हते."

अध्यक्ष हरखले. माईक तिच्याकडे न्यायला निघाले. मी तो त्यांच्या हातातून घेतला. वेळ फार झालाय, म्हणाले, आणि आभार मानायला सुरुवात केली. शाळेचे मानले, लाउडस्पीकरवाल्याचे मानले, पाणी वाटणाऱ्यांचे मानले. लांबून आलेल्या भगिनींचेही मानले.

लोक उठले. पोरं सतरंज्या गुंडाळायला लागली. जुबेदा होती तिथेच उभी, माझ्याकडे बघत. पोरं तिच्यापाशी आली आणि थबकली. तिच्या पायाखालची सतरंजी तेवढी राहिली होती.

मी स्टेजवरून म्हटलं, तीही काढा.