चार बाटल्या काळी शाई

डार्करूमचा लाल दिवा मी माझ्या हातानं काढला आणि त्या जागी प्रिंटर ठेवला, त्याचा मला अजून राग येतो. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं सरली होती. ब्लॅक अँड व्हाइटचा कागद मिळेना, केमिकल मिळेना, मुंबईचा पुरवठादार फोनवर चक्क हसायचा. करणार काय? कोल्हापुरातला आमचा स्टुडिओ अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते गेल्यावर मी चालवत होते. गिऱ्हाईक आत आलं की मी समोर उभी असताना मलाच विचारायचं, फोटोग्राफर कुठं हायत म्हणून.

त्या दिवसांत उचगावचे एक रिटायर्ड गुरुजी आले. पिशवीतून वही काढली, वहीतून एक पासपोर्ट फोटो. त्यांच्या आईचा, पेन्शनच्या पुस्तकावरून अलगद सोडवलेला, कोपऱ्यावर अर्धा शिक्का. त्या माउलीनं जन्मात तेवढा एकच फोटो काढलेला. महिन्याभरानं त्यांना जाऊन वर्ष पूर्ण होणार होतं, पुण्यानुमोदनाला सगळे पाहुणे येणार होते आणि बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवायला आईचा मोठा फोटो हवा होता. मी म्हटलं, चार दिवसांनी या. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

पहिली प्रिंट काढली आणि कपाळावर हात मारला. कंपनीची शाई रंगीत. निळा, गुलाबी, पिवळा एकत्र करून प्रिंटर करडा रंग बनवणार, आणि तो करडा कधी करडा राहायचाच नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आई हिरवी दिसायची, बाहेर उन्हात नेली की जांभळी. गुरुजींनी प्रिंट हातात घेतली, रस्त्यावर जाऊन बघितली, परत आत येऊन बघितली आणि शांतपणे टेबलावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पुन्हा कधी येऊ ते विचारलं.

मग मी इरेला पेटले. पुण्याच्या एका फोटोग्राफरनं फोनवर सांगितलं होतं की रंगाच्या शाया काढून टाका, सगळ्या खणांत काळीच भरा. एक गडद, बाकीच्या पातळ, पातळ, आणखी पातळ. म्हणजे रंग मिसळायचाच नाही, काळ्याच्याच चार पायऱ्या. ऐकायला किती सोपं! काळी शाई मागवली, ती खणांत भरायला मेडिकलमधून इंजेक्शनच्या सुया आणल्या. दुकानदारानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की विचारू नका. पातळ करायला खास द्रव लागतो म्हणे. तो महाग, म्हणून मी आपली अक्कल चालवली आणि गॅरेजमधून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणलं.

दोन दिवसांत शाईचा गाळ तळाला बसला. प्रिंटरची बारीक छिद्रं तुंबली. कागदावर आईच्या कपाळावरून पांढऱ्या रेघा. मी स्पिरिटनं पुसतेय, परत भरतेय, परत छापतेय, परत रेघा. बोटं काळी, साडी काळी, चहाच्या कपाचा कान काळा. शेजारचा टेलर येऊन म्हणाला, ताई, कलर लॅबमधनं काढून आणा की, कशाला जिवाला त्रास. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगते, एकदा तो प्रिंटर उचलून पंचगंगेत टाकावा असं फार मनात आलं.

शेवटी झक मारत तो महागाचा द्रव मागवला. चार बाटल्यांवर चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन, चार लिहिलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत वीस चौकोनांची पट्टी छापत बसले. आठवा चौकोन नवव्यासारखा दिसायचा, मग तिसऱ्या बाटलीत थोडा द्रव, परत पट्टी. अशा किती पट्ट्या फाडल्या देव जाणे. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी वीसच्या वीस चौकोन वेगळे दिसले. उन्हात नेली, ट्यूबखाली धरली, करडा तो करडाच. मी एकटीच खुर्चीत बसून हसले.

आणि त्याच आनंदात आईचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. शिक्का पुसला. ओरखडे पुसले. मग हात आपोआप गालाकडं गेला. आमच्या धंद्यात चेहरा उजळ करूनच द्यायचा, न सांगता. अण्णा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचे, पेन्सिल फिरली की प्रिंटमध्ये गाल गोरा. माझा स्थळांना दाखवायचा फोटोही त्यांनी तसाच केला होता. बघायला आलेल्या एका बाईनं फोटो बघितला, मला बघितलं आणि हीच का ती, असं विचारलं. अण्णा खाली बघत बसले होते. तो अपमान मी वीस वर्षं विसरले नव्हते, तरी माझा हात माऊसवर तेच करत होता. दोन पायऱ्या उजळ, डोळ्यांखाली आणखी एक.

गुरुजी आले. मी मोठ्या तोऱ्यात प्रिंट पुढं केली, ऊन, ट्यूब, सगळीकडं फिरवून दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमच्या आई. थोडं उजळ केलंय, सगळ्यांना करतो तसं.

गुरुजींनी चष्मा काढला. "आमची आई काळी हुती, बाई. लोकं मला बघून म्हणायची, आईवर गेलाय. आता हिला बघून पावणं काय म्हणतील? मी कुणाचा, सांगा की."

आवाज चढवला नव्हता. महिनाभर मी शाईला, कंपनीला, बॅटरीच्या पाण्याला शिव्या घातल्या होत्या. शाई तर कधीच बरोबर झाली होती.

त्यांना बसवलं. फाइल परत उघडली, शिक्का आणि ओरखडे सोडून बाकी सगळं होतं तसं केलं. प्रिंटर कुरकुरत चालला. कपाळ आलं, मग डोळे, मग गाल. काळा, पण नुसता डाग नव्हे. गालाचा काळा वेगळा, डोळ्यांखालचा वेगळा, कानामागचा त्याहून गडद, आणि त्यात प्रत्येक सुरकुती दिसत होती. मी इतक्या बाटल्या ढवळल्या त्या यासाठीच होत्या, हे मला तेव्हा कळलं. गुरुजींनी कागद वाळायची वाटही बघितली नाही. कडा धरून तो आपल्या तोंडाशेजारी उभा धरला आणि माझ्याकडं वळले.

"आता बघा," म्हणाले.

ते गेल्यावर मी दुकानाला आतून कडी लावली. अण्णांच्या पेटीतून माझी ती निगेटिव्ह शोधून काढली. गालावर त्यांची पेन्सिल अजून तशीच होती, किती हलक्या हातानं फिरवलेली. फार वाईट वाटलं, त्यांचंही. मग कापसाला टर्पेंटाइन लावलं आणि पुसायला घेतली.